न उडणारी तोफ

डिसेंबर १७८०. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे सहावे वर्ष चालू होते. दक्षिण कॅरोलिनातील कॅम्डेन गावाजवळ, कर्नल रजली यांच्या गिरणीच्या आवारात, इंग्रजांच्या पक्षाचे शंभराहून अधिक सैनिक एका भक्कम कोठारात ठाण मांडून बसले होते. त्यांच्यावर चालून आलेल्या विल्यम वॉशिंग्टन यांच्यापाशी घोडदळ होते, परंतु तोफ नव्हती. कोठाराच्या भिंतीवर घोडे घालणे म्हणजे स्वारांचे प्राण व्यर्थ दवडणे होय, हे त्यांनी जाणले. त्यांनी पाइन वृक्षाचा एक ओंडका तोफेच्या आकाराचा करवून घेतला, तो कोठाराच्या दिशेने रोखून ठेवला आणि शरण येण्याचा निरोप धाडला. ४ डिसेंबर रोजी आतील सर्व जण शस्त्रे खाली ठेवून बाहेर आले. जी तोफ उडूच शकत नव्हती, तिने कोठार जिंकले होते.

पुढे अशा लाकडी तोफांना ‘क्वेकर तोफ’ असे नाव पडले. हे नाव थट्टेने पडले असले तरी त्यामागे एका धर्मसमाजाचे तत्त्व उभे आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशातून ‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’ हा ख्रिस्ती पंथ उदयास आला. त्याच्या अनुयायांना लोक क्वेकर म्हणत. कोणत्याही कारणास्तव शस्त्र हाती धरणार नाही, असे निवेदन त्यांनी १६६१ मध्ये राजा दुसरा चार्ल्स यास सादर केले होते. जी तोफ लढत नाही, ती क्वेकर, असा हा विनोद होता.

अमेरिकेच्या यादवी युद्धात या युक्तीचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. १८६१-६२ च्या हिवाळ्यात व्हर्जिनियातील सेंटरव्हिल येथे दक्षिणेच्या सैन्याने तटबंदीवर काळ्या रंगाने रंगविलेले ओंडके मांडून ठेवले. उत्तरेचे सेनापती मॅक्लेलन यांनी शत्रूच्या बळाचा अंदाज वास्तवाहून कितीतरी अधिक धरला होता आणि त्यांचे सैन्य महिनोन्महिने थबकून राहिले. मार्च १८६२ मध्ये दक्षिणेचे सैन्य निघून गेल्यावर उत्तरेच्या सैनिकांनी तट गाठला, तेव्हा तोफांच्या जागी झाडांचे बुंधे आढळले. व्यापारी जहाजांवरही हा प्रकार रूढ होता. खऱ्या तोफा महाग आणि जड. म्हणून मोजक्या खऱ्या तोफांच्या रांगेत लाकडी तोफा बसवून समुद्री चाच्यांना दूर ठेवण्याचा प्रयत्न केला जाई.

आज लाकडी तोफ कोणी युद्धासाठी करीत नाही. वस्तुसंग्रहालय, नाटकाचा रंगमंच, ऐतिहासिक देखावा अथवा बागेची शोभा, हे तिचे क्षेत्र. महाराष्ट्रातील अनेक गडांवर मातीत पडलेल्या जुन्या तोफांना दुर्गप्रेमींनी सागवानी तोफगाडे करवून दिले आहेत. तेथे लाकूड तोफेला आधार देते. शोभेच्या तोफेत नळीही लाकडाचीच असते. ती पूर्ण मापाची करणे हे कातारी कामातील एक कसोटीचे काम आहे.

उदाहरणादाखल अमेरिकेतील १८४१ च्या नमुन्याची सहा पौंडी तोफ घेता येईल. तिच्या नळीची लांबी ६० इंच, तोंडाचा आतील व्यास ३.६७ इंच आणि मागील सर्वांत जाड भागाचा व्यास सुमारे १० इंच. मूळ तोफ काशाची, वजनाने सुमारे ४०० किलो. तीच सागवानाची भरीव केली तर वजन ३५ ते ४० किलोच्या आसपास, म्हणजे मुळाच्या दहाव्या हिश्श्याइतके भरते. दोन माणसे ती सहज उचलू शकतात.

पहिला मोह असतो तो सरळ एक जाड ओंडका घेऊन लेथवर चढविण्याचा. तो टाळावा. लाकूड वाळताना केंद्राकडे जितके आकसते त्याहून घेराच्या दिशेने अधिक आकसते; म्हणून अखंड ओंडक्याला गाभ्यापर्यंत चिरा पडतात. शिवाय एक इंच जाडीला एक वर्ष या जुन्या ठोकताळ्याने इतका जाड ओंडका सुकण्यास अनेक वर्षे लागतील. यावर उपाय म्हणजे पूर्ण वाळलेल्या फळ्या एकमेकींवर चिकटवून ठोकळा तयार करणे. दीड इंच जाडीच्या सात फळ्या घेतल्या की साडेदहा इंच होतात. त्या रंध्याने अगदी समतल करून, गोंद लावून, क्लॅम्पने आवळून रात्रभर ठेवाव्या लागतात. फळ्यांमध्ये किंचित जरी फट राहिली, तरी लेथवर फिरताना ठोकळा उकलण्याचा धोका असतो. नंतर ठोकळ्याचे कोपरे कापून तो अष्टकोनी करतात, म्हणजे लेथवरील धक्के कमी होतात.

लहान कारखान्यातील लेथवर पाच फूट लांबीचा नग सहसा मावत नाही. म्हणून नळी दोन भागांत करतात. एका भागाच्या टोकाला गोल खुंटी आणि दुसऱ्यात तिच्या मापाचे भोक ठेवून ते जोडतात. या जुन्या नमुन्याच्या नळीवर उठावाची कडी असतात. सांधा नेमका कड्याच्या किनारीला आणला की तो दिसतच नाही. कामाआधी नळीच्या अर्ध्या आकाराचा साचा जाड पुठ्ठ्यावर कापून घेतात. ठरावीक अंतरावर कॅलिपरने व्यास मोजत अरुंद पटाशीने खाचा पाडावयाच्या, मग दोन खाचांमधील लाकूड गोल पटाशीने उतरवीत जावयाचे, हा क्रम. वेग मात्र आवरता हवा. दहा इंच व्यासाचा नग मिनिटाला ३०० फेऱ्या घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग पटाशीसमोरून मिनिटाला सुमारे २४० मीटर धावतो. आरंभ याहूनही कमी वेगाने करावा. सैल बाही, उपरणे, गळ्यातील साखळी यांना लेथजवळ स्थान नाही. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मुखपट्टी अनिवार्य समजावी.

तोंडाचे भोक सात-आठ इंच खोल पाडले तरी पुरते. आत काळा रंग दिला की पाहणाऱ्यास ते अथांग वाटते. बाजूचे दोन खुंट, ज्यांच्यावर तोफ गाड्यावर तोलली जाते, ते वेगळे कातून नळीत बसवितात. गाड्याची चाके ५७ इंच व्यासाची, चौदा आऱ्यांची असतात. घेर सात तुकड्यांचा, प्रत्येक तुकड्यात दोन आरे. चाकाचा तुंबा आणि आरेही लेथवरच होतात.

जैन गृहस्थाच्या दृष्टीने येथे काही बाबी विशेष लक्ष देण्यासारख्या आहेत. लाकूड पाडलेल्या जुन्या घराचे घेतले, तर नवे झाड तोडावे लागत नाही. मात्र त्यातील प्रत्येक खिळा आधी काढला पाहिजे, अन्यथा पटाशी आणि हात दोन्हींस इजा संभवते. वाळवी वा भुंग्याने पोखरलेली फळी तपासून बाजूस ठेवावी, कारण फिरत्या लेथवर आतील जीव वाचविता येत नाही. जुने सुतार सांध्यासाठी सरस वापरीत. तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो, त्यामुळे कृत्रिम पांढरा गोंद योग्य. चपड्याचे पॉलिश लाखेच्या कीटकांपासून येते; श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना आहेच. त्याऐवजी जवसाचे तेल अथवा साधा तैलरंग चालतो. तोफ उघड्यावर ठेवायची असेल तर तोंड किंचित खाली झुकवावे किंवा त्यास लाकडी झाकण बसवावे, म्हणजे पाणी साचून डासांची उत्पत्ती होणार नाही. आणि त्यात दारू वा फटाका कधीही घालू नये. लाकूड फुटते, आणि त्याच्या सळया गोळीइतक्याच घातक ठरतात.

एवढी काळजी घेतली, तरी मूळ प्रश्न उरतोच. अहिंसा हा ज्यांचा कुलधर्म, त्यांच्या अंगणात शस्त्राची प्रतिकृती असावी काय?

क्वेकर समाजाचा इतिहास येथे पुन्हा उपयोगी पडतो. शपथ घेण्यास नकार दिल्यामुळे या लोकांना इंग्लंडमधील विद्यापीठांची आणि सरकारी पदांची दारे बंद होती. ते व्यापारात उतरले. एकच भाव सांगणारे दुकानदार म्हणून त्यांनी विश्वास संपादन केला. बार्कलेज आणि लॉइड्स या बँकांचे, कॅडबरी आणि राउनट्री या पेढ्यांचे संस्थापक याच समाजातील. परंतु बर्मिंगहॅमच्या सॅम्युअल गॅल्टन यांच्या घराण्याचा धंदा बंदुका बनविण्याचा होता. समाजाने विचारणा केली तेव्हा १७९६ मध्ये त्यांनी लेखी उत्तर दिले. धंदा वडिलोपार्जित आहे, आपण तो निवडलेला नाही; आणि युद्धासाठी कर भरणारा प्रत्येक जण युद्धास हातभार लावतोच, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. युक्तिवाद निर्बुद्ध नव्हता. तरीही त्याच वर्षी समाजाने त्यांना सदस्यत्वातून वगळले. पुढे हे घराणे बँक व्यवसायात उतरले.

जैन आचारशास्त्रानेही ही रेषा स्पष्ट आखली आहे. तलवार, कुऱ्हाड, विष, अग्नी अशी हिंसेची साधने दुसऱ्यास देणे हे ‘हिंसादान’ असून तो अनर्थदंडाचा एक प्रकार होय. या दृष्टीने लाकडी तोफ निर्दोष ठरेल, कारण ती साधनच नाही. परंतु शास्त्र तेथे थांबत नाही. उज्जयिनीच्या यशोधर राजाची कथा जैन घरांत परिचित आहे. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या यशस्तिलक चंपूत आणि पुष्पदंतांच्या अपभ्रंश जसहरचरिउ या काव्यात ती आली आहे. माता चंद्रमतीने देवीस पशुबळी देण्याचा आग्रह धरला. राजाने नकार दिला. अखेर तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो बळी दिला गेला. रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरी मायलेकांना त्यानंतर अनेक तिर्यंच योनींत दुःख भोगावे लागले. कोंबडा पिठाचा होता, पण मारण्याचा संकल्प खरा होता. द्रव्यहिंसा नव्हती, भावहिंसा होती.

लाकडी तोफेला हाच निकष लावावा लागतो. तिच्याशी खेळताना मूल ‘शत्रूला उडविले’ असे म्हणून आनंदत असेल, तर ती पिठाचा कोंबडाच आहे. तेच मूल तिच्यापाशी बसून, शंभर माणसांचे प्राण एका ओंडक्याने कसे वाचले हे ऐकत असेल, तर तिचा अर्थ वेगळा होतो. भरत आणि बाहुबली यांच्या मंत्र्यांनी दोन्ही सैन्ये बाजूस ठेवून दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध यांवर निर्णय सोपविला, तो याच हेतूने की निरपराध सैनिक मरू नयेत. वस्तू तीच राहते. तिच्यामागचा भाव बदलतो, आणि कर्मबंध भावाने होतो.

म्हणून तोफ करवून घेण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी लाकडाचा भाव आणि कारागिराची मजुरी यांच्याबरोबर आणखी एका गोष्टीचा हिशेब करावा. ती अंगणात उभी राहिल्यावर घरातील मुलांना तिची कोणती कथा सांगितली जाणार आहे? त्या प्रश्नाचे उत्तर तयार असेल, तर लेथ खुशाल सुरू करावा.