सिअरखालची पोलादी पट्टी

पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि संपादकांनी रायफलच्या ट्रिगरवर लेख मागितला. माहिती काढता काढता मी एका शिकारी रायफलीपाशी पोहोचलो आणि तिच्या पोटातल्या एका पट्टीपाशी अडकलो.

ही रायफल रेमिंग्टन मॉडेल 700. कंपनी 1816 सालची, कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावात. 2024 मध्ये तो बंद झाला. हे मॉडेल 1962 मध्ये आलं आणि इतकं अचूक निघालं, की अमेरिकी मरीन कोअर आणि लष्कर या दोघांनीही आपल्या स्नायपर रायफली त्याच्यावर बेतल्या. तिचा ट्रिगर माइक वॉकर या अभियंत्याचा. वॉकर स्वतः नेमबाज, शंभरी ओलांडून जगलेला. सुटसुटीत, स्वच्छ सुटणारा चाप हा त्याचा ध्यास होता.

बोल्ट, म्हणजे गोळी भरण्याचा सरकता दांडा, चढवला की फायरिंग पिनची स्प्रिंग ताणाखाली येते आणि सिअर नावाचा तुकडा पिनेला अडवून धरतो. सिअरला खालून आधार देतो तो बहुतेक रायफलींत ट्रिगरच. वॉकरने या दोघांमध्ये एक पातळ पोलादी पट्टी घातली, कनेक्टर. ती ट्रिगरला जडवलेली नाही, स्प्रिंगच्या जोरावर त्याला नुसती टेकून असते. उंदराच्या सापळ्यातल्या काडीसारखी ती सगळा ताण तोलते, आणि सिअरवरची तिची पकड जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. चाप ओढला की पट्टी सरकते, सिअर पडतो, पडता पडता पट्टीला पुढे ढकलतो. बोटाला मागची फरफट जाणवतच नाही. मला ही कल्पना आजही सुंदर वाटते.

पण दर गोळीला पट्टी ट्रिगरपासून क्षणभर सुटते आणि फट पडते. तिथे कचरा किंवा गोठलेलं तेल अडकलं, की पट्टी पुरती माघारी येत नाही. त्यात इथली सेफ्टी, म्हणजे बार चुकून उडू नये म्हणूनची कळ, सिअरला वर उचलून धरते, ट्रिगरला अडवत नाही. पट्टी जागेवर नसेल, तर सेफ्टी काढताच सिअर खाली येतो, त्याला आधार सापडत नाही आणि बार उडतो. चापावर बोट नसताना. हीच रचना आधीच्या मॉडेल 721 मध्येही होती. 1948 मध्ये खुद्द वॉकरने ट्रिगर अडवणारी सेफ्टी सुचवली होती. सीएनबीसीच्या 2010 च्या माहितीपटानुसार खर्च होता रायफलीमागे साडेपाच सेंट. ती घेतली गेली नाही.

याहून जास्त अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. 1982 पर्यंतच्या रायफलींत सेफ्टी लागलेली असताना बोल्ट उघडतच नसे. म्हणजे बंदूक रिकामी करायची, तर आधी ती उडण्याच्या स्थितीत आणायची. 2000 साली मोंटानात शिकारीहून परतलेल्या एका आईने नेमकं हेच केलं. चापाला हात लागला नव्हता, असं तिने सांगितलं. गोळी घोड्यांच्या ट्रेलरमधून आरपार गेली आणि पलीकडे असलेल्या तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला लागली. तो वाचला नाही.

कंपनीने रचनेतला दोष कधीच मान्य केला नाही. देखभालीतली हयगय, मालकांनी केलेली छेडछाड आणि निष्काळजी हाताळणी यांकडे तिने बोट दाखवलं. नळीचं तोंड माणसाकडे नको, हा नियम अटळच आहे. पण नियम पाळणाऱ्यालाही ट्रेलरपलीकडचं पोर दिसत नाही, आणि माणसाची चूक होणार हे गृहीत धरूनच तर सेफ्टी बसवतात. नेमबाजीच्या स्पर्धांत सेफ्टी कॅचवर विसंबून राहतच नाहीत. तिथे चेंबरमध्ये भडक रंगाची दोरी किंवा पट्टी, म्हणजे सेफ्टी फ्लॅग, घालावी लागते. चेंबर रिकामं आहे हे लांबूनही दिसतं.

2006 च्या सुमारास कनेक्टर नसलेला एक्स-मार्क प्रो ट्रिगर आला. 2014 मध्ये तोही परत मागवावा लागला, कारण जुळणीत वापरलेला चिकट पदार्थ काही ट्रिगरांत जास्त पडला होता. मग या ट्रिगरांवरून कंपनीविरुद्ध झालेल्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली आणि सुमारे 75 लाख बंदुकांच्या मालकांना दुरुस्तीचा किंवा भरपाईचा हक्क मिळाला. बहुतेकांसाठी ती मोफत ट्रिगरबदली होती. न्यायालयाने तडजोडीला मान्यता दिली तेव्हा आलेले अर्ज एक टक्क्याच्याही खाली होते. शिकारी रायफल बापाकडून लेकाकडे जाते, हातोहात विकली जाते. सध्याच्या मालकाचा पत्ता कंपनीकडे नसतो. जिचा बार कधी आपोआप उडाला नाही, ती रायफल मालकाला निर्दोषच वाटते. शिवाय नवा ट्रिगर बसवायचा तर रायफल कंपनीकडे किंवा तिने नेमलेल्या कारागिराकडे धाडायची.