शब्द जुळे, अर्थ निराळे

बिलोली हे तेलंगणाच्या सीमेजवळचे तालुक्याचे गाव. येथील मुलांच्या कानांवर मराठीबरोबरच तेलुगू, उर्दू आणि हिंदीही पडत असते. तरीही मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाच्या वर्गात आलेला विद्यार्थी भौतिकशास्त्राचे इंग्रजी पुस्तक उघडतो आणि बिचकतो. दोन-चार चाचण्यांत गुण कमी पडले, की "आपल्याला फिजिक्स जमणार नाही" असे ठरवून मोकळा होतो. खरे पाहता त्याची चूक बहुधा गणितात नसते. अवघड शब्द तो कोशात पाहतो. त्याला फसवतात ते ओळखीचे, सोपे शब्द.

'मास' आणि 'वेट' ही जोडी घ्या. बाजारात आपण दोन्हींना 'वजन'च म्हणतो. शास्त्रात मात्र मास म्हणजे वस्तुमान. त्याचे एकक किलोग्रॅम. वेट म्हणजे पृथ्वी वस्तूला ज्या बलाने ओढते ते बल. त्याचे एकक न्यूटन. 6 किलोग्रॅम ज्वारीची पिशवी चंद्रावर नेली, तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात 6 किलोचेच माप ठेवावे लागेल. पण येथून नेलेला स्प्रिंगचा काटा तेथे जेमतेम 1 किलो दाखवील. तराजू वस्तुमानांची तुलना करतो, स्प्रिंग बल मोजते.

दुसरी जोडी 'हीट' आणि 'टेंपरेचर' यांची. फुलबाजीच्या ठिणगीचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तरी हातावर उडालेली बारीक ठिणगी बहुधा किंचित चटका देऊन विझते. उकळते पाणी 100 अंशांचेच. पण त्याचे भांडे हातावर कलंडले तर हात भाजून निघतो. ठिणगीत तापमान जास्त, उष्णता अगदी थोडी. वितळणारा बर्फ दर ग्रॅमला सुमारे 80 कॅलरी उष्णता घेतो, पण त्याचे तापमान शून्य अंशावरच राहते. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक यांनी अशा प्रयोगांतूनच या दोन कल्पना वेगळ्या केल्या.

तिसरी जोडी 'पॉवर' आणि 'एनर्जी'. विहिरीवरची मोटर 5 अश्वशक्तीची आहे, ही झाली पॉवर. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. म्हणून 5 अश्वशक्ती म्हणजे 3,730 वॅट. ती 8 तास चालली, तर सुमारे 30 किलोवॅट-तास एवढे काम होते. ही झाली एनर्जी. वीजबिलातील 'युनिट' म्हणजे हाच किलोवॅट-तास. (मोटरमध्ये काही ऊर्जा वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात युनिटे अधिक पडतात.) बिल येते ते एनर्जीचे.

अशी गफलत करणारे आपण पहिलेच नव्हे. 1847 साली हेल्महोल्ट्झ यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवर प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकात ऊर्जेसाठी 'क्राफ्ट' हा जर्मन शब्द होता, आणि त्याचा अर्थ होतो बल! शब्द स्थिरावायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला.

मग उपाय काय? शब्द दिसताच दोन प्रश्न विचारावेत. पहिला : याचे एकक कोणते? किलोग्रॅम की न्यूटन, वॅट की ज्यूल, हे सांगता आले की वरील तिन्ही जोड्या सुटतात. दुसरा : याला दिशा आहे का? 'स्पीड' आणि 'व्हेलॉसिटी' यांचे एकक एकच, मीटर प्रति सेकंद. पण स्पीड म्हणजे चाल, तिला दिशा नाही. व्हेलॉसिटी म्हणजे वेग, त्याला दिशा आहे.

काही शब्द उच्चारातच सारखे वाटतात. 'रिफ्लेक्शन' म्हणजे परावर्तन आणि 'रिफ्रॅक्शन' म्हणजे अपवर्तन. येथे हाडाचे 'फ्रॅक्चर' आठवावे. दोन्ही शब्दांचे मूळ 'मोडणे' या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूत आहे. पाण्यात तिरकी बुडवलेली काठी मोडल्यासारखी दिसते, ते रिफ्रॅक्शन.

शिक्षकांनीही उत्तर चुकलेल्या विद्यार्थ्याला हे दोन प्रश्न मराठीतून विचारून पाहावेत. पुष्कळदा कल्पना त्याला ठाऊक असते, फक्त तिचे इंग्रजी नाव दुसऱ्याच कल्पनेला चिकटलेले असते.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. एसटी सकाळी बिलोलीहून नांदेडला गेली आणि संध्याकाळी त्याच स्थानकावर परत आली. तिचे सरासरी स्पीड शून्य नाही, पण सरासरी व्हेलॉसिटी शून्य आहे. असे का, ते वहीत चार ओळींत लिहा. मराठीत लिहिले तरी चालेल.