गुराब, गलबत व पठाण : सुवर्णदुर्गापुढील १७५५ चा पाठलाग

(१)

हर्णै बंदर व दाभोळची खाडी यांच्या दरम्यान बुरोंडी हें कोळ्यांच्या वस्तीचें एक लहानसें बंदर आहे. इतिहासाच्या ग्रंथांत त्याचें नांव क्वचितच येतें. तथापि इ. स. १७५५ च्या मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभीं तुळाजी आंग्र्याचें आरमार सुवर्णदुर्गाखालून निसटलें, तें ह्याच किनाऱ्यासमोरील समुद्रांतून दक्षिणेकडे गेलें. आणि इंग्रज व पेशवे या दोघांचीं जहाजें त्याच्या मागें लागलीं. सुवर्णदुर्गापासून बुरोंडी सहा-सात सागरी मैल. पाठलाग जयगडच्या बाजूपर्यंत गेला, म्हणजे पल्ला सुमारें तीस सागरी मैलांचा झाला. ग्रंथकारांनीं हा प्रसंग किल्ला घेतल्याच्या हकीकतीचा उपोद्घात म्हणून दोन-चार वाक्यांत उरकला आहे. आमच्या मतें तो याहून अधिक लक्ष देण्याजोगा आहे. निरनिराळ्या घडणीचीं व एकाच घडणीचीं अशीं दोन्ही प्रकारचीं जहाजें त्या दिवशीं एकाच पाण्यांत, एकाच वाऱ्यावर धांवलीं. त्यामुळें जहाजाचा गुण कोणता व माणसाचा कोणता, हें निवडण्याची संधि येथें मिळते.

(२)

ही निवड कशी करावयाची, हें शिडाच्या होड्यांच्या आधुनिक शर्यतींवरून चांगलें समजतें. पूर्वी अशा शर्यतींत ज्याची होडी मोठी वा महाग तो पुढें जाई. त्यावर उपाय म्हणून इ. स. १८८७ मध्यें आयर्लंडांत डब्लिनजवळ 'वॉटर वॅग' नांवाच्या होड्यांचा एक वर्ग निघाला. वर्गांतील सर्व होड्या एकाच आराखड्यावर बांधावयाच्या, लांबी-रुंदी व शीड सर्वांचें सारखें, असा त्याचा नियम. ही होडी लहान होती. पुढें खोल कण्याच्या होड्यांचेही असेच एकरूप वर्ग झाले. १९११ मध्यें अमेरिकेंत निघालेला 'स्टार' हा त्यांतील प्रसिद्ध वर्ग. त्याची होडी बावीस फूट आठ इंच लांब असून तळाखालीं जड धातूचा कणा असतो. १९३२ पासून ऑलिंपिक सामन्यांतही त्यास स्थान मिळालें. आपल्याकडे मुंबईस १८४६ मध्यें शिडाच्या होड्यांचा क्लब निघाला, त्यासच पुढें रॉयल बॉम्बे यॉट क्लब हें नांव मिळालें. मुंबई बंदरांत 'सीबर्ड' व 'जे-२४' या कण्याच्या एकरूप होड्या शर्यतींत उतरलेल्या आहेत.

या पद्धतीचें तत्त्व साधें आहे. होड्या सारख्या असतां एक पुढें गेली व दुसरी मागें राहिली, तर कारण माणसांत शोधावें. होड्या भिन्न असतील तर आधीं घडणींत शोधावें. हेंच तत्त्व आम्ही १७५५ च्या पाठलागास लावून पाहतों.

(३)

प्रथम जहाजांची घडण पाहूं. या काळच्या कोंकणी लढाऊ जहाजांचें विस्तृत वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें केलें आहे. त्याच्या सांगण्याचा सारांश असा. गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित् तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारें तीनशें टनांची व दोन काठ्यांची दीडशें टनांच्या आंतली. लांबीच्या मानानें ती मध्यें पुष्कळ रुंद असे व टोंकांकडे निमुळती होत जाई. पुढें फुगीर छाती नसून भूमध्यसमुद्रांतील वल्ह्यांच्या जहाजांप्रमाणें लांब चोंच असे. चोंचीच्या कडांस भिंती नसल्यामुळें वर आलेलें पाणी आंत न शिरतां वाहून जाई. नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा त्या चोंचीवरून थेट समोर मारा करीत. मुख्य गोष्ट ही कीं, गुराब फार थोड्या पाण्यांत तरे.

गलबत त्याच ठेवणीचें, परंतु लहान. मोठ्यांत मोठें सत्तर टनांच्या आसपास. त्याची मागली डोलकाठी बारीक असे. पुढल्या काठीस एकच प्रचंड तिकोनी शीड, आणि त्याचें टोंक काठीच्याही पुष्कळ वर जाई. वजन कमी राहावें म्हणून कांहीं गलबतांचें वरचें तक्त चिरलेल्या बांबूंचें करीत. चाळीस-पन्नास वल्हीं लावून तें तासास चार मैल जाई. वारा पडला कीं गलबतें गुराबांस दोर बांधून ओढीत नेत. म्हणजे गुराब व गलबत हीं एकाच जहाजाचीं दोन नांवें नव्हेत. तीं परस्परांस पूरक अशीं दोन जहाजें होत. जुने कागद वाचतांना हा भेद न राखल्यास आरमाराच्या बळाचा अंदाज साफ चुकतो.

आतां पठाणाचा विचार. पठाण म्हणजे जहाजाच्या तळचा मुख्य वांसा, ज्यास आम्ही वर कणा म्हटलें. त्याचें काम दुहेरी आहे. सर्व सांगाड्यास तो बळकटी देतो, आणि वारा बाजूनें आला असतां जहाज आडवें घसरूं देत नाहीं. पठाण जितका खोल तितकें वाऱ्याच्या तोंडावर चढणें सुलभ. परंतु खोल तळ अधिक पाणी कापतो, अधिक पाणी त्यास घासतें, आणि मंद वाऱ्यांत तोच गुण ओझें होतो. इंग्रजांचें 'प्रोटेक्टर' हें चव्वेचाळीस तोफांचें जड जहाज या दुसऱ्या जातीचें. भर समुद्रांत, जोराच्या वाऱ्यांत तें श्रेष्ठ. समोरून लाटा आल्या कीं गुराब आपल्या चोंचीमुळें वर-खालीं फार आपटे, असें ऑर्महि नमूद करतो.

(४)

आतां शर्यत. १७५५ च्या मार्चांत नानासाहेब पेशव्यांच्या वतीनें रामाजी महादेव व मुंबईकर इंग्रज यांच्यामध्यें तुळाजीविरुद्ध करार झाला, आणि कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. पेशव्यांच्या आरमारांत सात गुराबा व साठ गलबतें होतीं, असें ऑर्म लिहितो. 'प्रोटेक्टर' दृष्टीस पडतांच आंग्र्यांच्या जहाजांनीं नांगराचे दोर सोडून दिले व तीं समुद्रांत निघालीं. वारा फारच थोडा होता. आंग्र्यांच्या खलाशांनीं जड सामान पाण्यांत टाकलें, होतीं नव्हतीं तेवढीं शिडें चढविलीं, आणि तेवढ्यानें भागेना तेव्हां अंगरखे, गोधड्या व पागोटींसुद्धां वाऱ्यास पसरलीं. जेम्स जयगडच्या बाजूपर्यंत मागें गेला. पण तीं हातीं लागत नाहींत असें पाहून परतला व सुवर्णदुर्गास भिडला.

आंग्र्यांचें आरमार व 'प्रोटेक्टर' यांच्यांतील निकाल घडणीनें लावला, असें आम्ही समजतों. होळीनंतरच्या दिवसांत या किनाऱ्यावर सकाळीं जमिनीकडून मंद मतलई वाहते व दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा खारा वारा येतो. दक्षिणेस पळणाऱ्यास हे दोन्ही वारे बाजूनें किंवा पाठीकडून मिळतात, समोरून नव्हे. अशा वेळीं खोल पठाणाचा उपयोग थोडा व भार मोठा. उथळ तळ, हलकें तक्त, उंच तिकोनी शीड आणि गरज पडल्यास वल्हीं, हें सर्व त्या दिवसाच्या हवेस अनुकूल होतें. सामान टाकणें व पागोटीं पसरणें याकडे इंग्रज लेखक भीतीचें चिन्ह म्हणून पाहतात. आम्हांस तीं जाणत्या खलाशांचीं कृत्यें दिसतात. हलकें जहाज वर उचललें जातें, आणि मंद वाऱ्यांत वीतभर कापडही वांयां जात नाहीं.

परंतु पेशव्यांचें आरमार कां मागें राहिलें? त्याच्या गुराबा व गलबतें आंग्र्यांच्याच जातीचीं, त्याच किनाऱ्यावरच्या सुतारांनीं बांधलेलीं. येथें शर्यत सारख्या घडणीच्या जहाजांची झाली. शिवाय वाटेंत हींच जहाजें इंग्रजांपेक्षां वेगानें चालत होतीं, अशी कबुली ऑर्मच देतो. मग ऐन पाठलागांत तीं मागें पडलीं याचें कारण घडण नव्हे. कारण माणसांत आहे. ऑर्म म्हणतो, आंग्र्यांच्या नांवाचा धाक.

(५)

येथें जुन्या कागदांच्या अभ्यासकानें सावध व्हावें. जहाजें मुद्दाम मागें राहिलीं, इतकें घडणीच्या विचारानें सिद्ध होतें. तीं भीतीनें मागें राहिलीं, हें त्यानें सिद्ध होत नाहीं. ऑर्म त्या सुमारास मद्रासेस होता, त्यानें प्रसंग डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं, आणि त्याचा ग्रंथ १७६३ पासून पुढें प्रसिद्ध झाला. दोघे दोस्त एकाच शत्रूवर गेले तरी त्यांचे हेतु एक असतातच असें नाहीं. पेशव्यांस किल्ला व मुलूख हवा होता. आंग्र्यांचीं जहाजें बुडण्यापेक्षां हातीं येणें त्यांस अधिक सोयीचें. तीं इंग्रजांच्या तोफांपुढें हांकून देण्याची घाई त्यांस नसेल, तर तो भित्रेपणा ठरत नाहीं. एका दर्यावर्दी फौजेवर आलेला हा डाग केवळ एकपक्षी ग्रंथावरून कायम करणें न्यायाचें नव्हे.

मूळ जहाजें तर आज साक्षीस येत नाहींत. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन व क्लाईव्ह यांनीं विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हां एका गोळ्यानें पेट घेतला आणि बंदरांत एकत्र बांधलेलें आंग्र्यांचें सगळें आरमार जळून गेलें. 'स्टार' वर्गाची होडी उद्यां नष्ट झाली तरी तिचा आराखडा शिल्लक राहील. कोंकणी सुताराचा आराखडा मात्र त्याच्या हातांत व नजरेंत असे. तो गेला कीं वर्गच गेला.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. दफ्तर चाळतांना केवळ सनदा व राजकारणी पत्रें उचलूं नयेत. सागवानाच्या खरेदीचे, शिडाच्या कापडाचे, काथ्या व खिळ्यांचे हिशेब, वल्हेकऱ्यांच्या हजिऱ्या, सुतारांनीं हातांत मोजलेलीं लांबी-रुंदीचीं टिपणें, हे बंद रुमालांच्या तळाशीं निरुपयोगी म्हणून पडलेले असतात. त्यांतील पठाणाच्या लांबीचा एक आंकडा गुराबेचा आकार ठरविण्यास दहा वर्णनांहून अधिक उपयोगी पडेल; आणि १७५५ च्या चैत्राच्या आसपासचें एखादें हजिरीपत्रक पेशव्यांच्या जहाजांवर वल्हेकरी पुरे होते कीं नव्हते, एवढें जरी सांगूं शकलें, तरी बुरोंडीसमोरच्या त्या शर्यतीचा उरलेला अर्धा निकाल लागेल.