टू-डू अ‍ॅपमध्ये कामांचा ढीग साचलाय? आधी हे दोन प्रश्न विचारा

सकाळी अ‍ॅप उघडले की चाळीस कामे समोर. वीजबिल, रिचार्ज, पार्सल परत करणे, ऑफिसचा रिपोर्ट. संध्याकाळपर्यंत बारा कामांवर टिक होते. आईच्या डोळ्यांची तपासणी मात्र महिनाभर यादीतच असते. लिहून ठेवले तरी काम का राहते?

तारीख नाही, तर काम नजरेआड

गुगल टास्क्समधील तारीख दिलेली कामेच गुगल कॅलेंडरवर दिसतात. टूडूइस्टच्या 'टुडे' पानावर आजची आणि मुदत उलटलेली कामे येतात. मायक्रोसॉफ्ट टू डूच्या 'प्लॅन्ड' यादीचेही तसेच. वीजबिलाला मुदत वीज कंपनी देते. तपासणीला ती कोणी देत नाही, म्हणून ती मागे पडते.

तातडीचे की महत्त्वाचे?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी १९५४ मधील एका भाषणात या दोन्हींतला फरक सांगितला होता. त्यावर आधारलेली चार चौकटींची पद्धत स्टीफन कव्ही यांच्या १९८९ मधील पुस्तकामुळे घरोघरी पोहोचली. प्रत्येक कामाला दोनच प्रश्न विचारायचे: आज केले नाही तर अडेल का? आणि कधीच केले नाही तर नुकसान होईल का?

टूडूइस्टमध्ये पी१ ते पी४ असे चार प्राधान्यक्रम आहेत. ते असे वापरता येतील:

- पी१: दोन्ही उत्तरे 'हो'. उदा. आज द्यायचा रिपोर्ट
- पी२: आज अडणार नाही, पण टाळल्यास नुकसान. उदा. डोळ्यांची तपासणी
- पी३: आजच हवे, पण फारसे महत्त्वाचे नाही. उदा. पार्सल परत करणे
- पी४: बाकी सगळे

नवे काम आपोआप पी४ मध्येच जाते, हे लक्षात ठेवा.

असे करा

- पी२ मधील कामाला तारीख तुम्हीच द्या.
- 'आईचे डोळे' असे लिहू नका. 'अपॉइंटमेंटसाठी दवाखान्यात फोन करणे' असे लिहा. डेव्हिड अ‍ॅलन यांच्या २००१ मधील 'गेटिंग थिंग्ज डन' या पुस्तकाचा भरही अशा 'पुढच्या कृती'वरच आहे.
- पी१ मध्ये दिवसाला तीनच कामे ठेवा. सगळेच लाल दिसू लागले, तर लाल रंगाला अर्थ उरत नाही.
- मायक्रोसॉफ्ट टू डूमधील 'माय डे' यादी रोज रात्री रिकामी होते. राहिलेली कामे मूळ यादीत सुरक्षित असतात. त्यामुळे सकाळी नव्याने निवड करा.
- आठवड्यातून एकदा तारीख नसलेली कामे चाळा. जे करायचेच नाही, ते खुशाल पुसून टाका.

अ‍ॅप आठवण करून देते, निवड मात्र करत नाही. आता यादी उघडा आणि सर्वात जास्त दिवस पडून असलेल्या महत्त्वाच्या कामाला या आठवड्यातला एक वार द्या.