मुलांच्या सामन्यातली शिवी आणि पंचांची शिट्टी

गोल हुकल्यावर मुलगा स्वतःवरच चिडून शिवी हासडतो आणि तीच शिवी दुसरा कुणी प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर देतो. पंचांनी या दोन गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत. फुटबॉलच्या बाराव्या नियमानुसार अपमानास्पद, शिवराळ भाषेला थेट लाल कार्ड आहे, तर निर्णयावरून हुज्जत घालण्याला पिवळं. पहिल्या मुलाला जवळ बोलावून शांतपणे समज दिलेली पुरते. दुसऱ्याची मात्र गय करू नये, कारण तिथे समोरच्या मुलाचा अपमान झालेला असतो.

हुज्जतीसाठी मधला मार्गही आहे. कुमार फुटबॉलमध्ये 2017 पासून खेळाडूला काही मिनिटं बाहेर बसवण्याची मुभा आहे. इंग्लंडमधल्या 31 लीगमध्ये हा प्रयोग झाला, तेव्हा हुज्जत 38 टक्क्यांनी घटली. खेळाच्या भरात तोंडून जातंच, असं काहीजण म्हणतात. ते खरंही आहे. पण भरात केलेला धोकादायक टॅकल आपण माफ करत नाही. एकाच्या चुकीची शिक्षा संघाला का, असंही विचारलं जातं. मात्र संघाला झळ बसली की सहकारीच त्याला आवरू लागतात. शिस्त मोठ्यांनाही हवी: 2019 पासून पंच प्रशिक्षकालाही कार्ड दाखवू शकतात, आणि गरज पडल्यास त्यांनी ते दाखवायलाच हवं.