ठोका जातो कुठे?

हॅमर विकत घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न टनाचा विचारतो. "किती टनी आहे?" भोसरी-चाकण पट्ट्यात जुने फोर्जिंग हॅमर आणि प्रेस उघडायचे, झिजलेलं बदलायचं, पाया तपासायचा आणि मशीन पुन्हा उभं करून द्यायचं, हा माझा धंदा. त्यामुळे हा प्रश्न कानाला सवयीचा झालाय. त्यात पहिली गोची अशी, की हॅमरचा टन वेगळा आणि प्रेसचा टन वेगळा. एक टनी हॅमर म्हणजे एक टन वजनाचा रॅम वर जाऊन खाली पडतो. हजार टनी प्रेस म्हणजे ती जॉबवर, म्हणजे घडवायच्या तुकड्यावर, हजार टनांचा दाब देऊ शकते.

एक टनाचा रॅम एक मीटरवरून पडला तर त्याच्यात साधारण १० किलोज्यूल ऊर्जा असते. खालचा जॉब तापलेला, मऊ असेल आणि रॅम १० मिलिमीटर आत जाऊन थांबला, तर सरासरी दाब १०० टनांचा. जॉब गार पडला, डाय (आकाराचा साचा) भरत आली आणि रॅम एकाच मिलिमीटरमध्ये अडला, तर तोच ठोका हजार टनांचा होतो. हॅमरला स्वतःचा असा ठरलेला दाब नसतोच. समोरचं लोखंड किती अडवतं, त्यावर तो ठरतो. म्हणून टन विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, की ठोका मारल्यावर तो जातो कुठे, हे पाहिलंत का? जॉबमध्ये गेला तर पैसे मिळाले. जमिनीत गेला, डायमध्ये गेला, फ्रेममध्ये गेला किंवा ऑपरेटरच्या कानात गेला, तर विजेचं बिल तेवढंच येतं, वर दुरुस्ती आणि दवाखाना. या मशीनमध्ये गेल्या पावणेदोनशे वर्षांत ज्या सुधारणा झाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा या एका प्रश्नाभोवती फिरतात.

ज्यांनी फोर्ज शॉप पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाडीचा क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, पुढच्या चाकाचा स्टीअरिंग नकल, तुमच्या घरातला चांगल्या प्रतीचा पाना, हे सगळं ठोकून घडवलेलं असतं. पोलादाची कांडी, म्हणजे बिलेट, १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायची आणि दोन डायच्या मध्ये दाबायची. धातूचे तंतू तुटत नाहीत, आकाराबरोबर वळतात. ताकद तिथून येते. जास्तीचा धातू कडेने पातळ पापुद्र्यासारखा बाहेर येतो, त्याला फ्लॅश म्हणतात. तो नंतर दुसऱ्या प्रेसवर कापून टाकायचा.

वाफेचा हॅमर ही पहिली मोठी उडी. इंग्लंडमध्ये 'ग्रेट ब्रिटन' नावाच्या जहाजाच्या वल्हचाकासाठी प्रचंड शाफ्ट हवा होता आणि तो घडवू शकेल असा हॅमर कुणाकडे नव्हता. जेम्स नॅस्मिथने नोव्हेंबर १८३९ मध्ये आपल्या वहीत त्याचं चित्र काढलं. जहाजवाल्यांनी मग बेत बदलून वल्हचाकाऐवजी मागे पंखा बसवायचं ठरवलं, शाफ्टची ऑर्डर गेली आणि चित्र वहीतच राहिलं. पुढे फ्रान्समधल्या ल क्रूझो इथल्या श्नायडर कारखान्याच्या लोकांना ते चित्र बघायला मिळालं, त्यांनी सरळ मशीनच बांधलं. १८४२ मध्ये नॅस्मिथ तिथे गेला, तर त्याचाच हॅमर चालू! परत येऊन त्याने त्याच वर्षी पेटंट घेतलं. त्याची ख्याती नुसत्या जोराची नव्हती. ग्लासात ठेवलेल्या अंड्याचं कवच फोडायचं, पण ग्लासला धक्का लावायचा नाही, असा प्रयोग तो पाहुण्यांना करून दाखवायचा. हॅमर विकायला निघालेल्या माणसाला त्या काळातही कळलं होतं, की जोर दाखवणं सोपं, आवरणं अवघड.

पण मोठं करण्याचा मोह सुटत नाही. ल क्रूझोलाच १८७७ मध्ये १०० टनांचा हॅमर उभा राहिला. आज तो त्या गावात शोभेला उभा आहे. इतका मोठा ठोका सोसायला खाली काय लागत असेल, याचा विचार करा.

इथे ऐरणीचं गणित येतं. सैल फळीत खिळा ठोकताना मागून कुणी हात लावला नाही, तर फळीच मागे पळते आणि खिळा जागेवर राहतो. हॅमरचंही तेच. ऐरण रॅमच्या पाचपट जड असेल तर ठोक्यातली सुमारे ८३ टक्के ऊर्जा जॉबला मिळते, उरलेली ऐरणीला खाली ढकलण्यात जाते. दहापट असेल तर ९१ टक्के, वीसपट असेल तर ९५ टक्के. म्हणून चांगल्या हॅमरची ऐरण रॅमच्या वीसपट ठेवतात. दोन टनी हॅमरला चाळीस टनांचा ओतीव ठोकळा जमिनीत गाडलेला असतो. पैसे वाचवायला हलक्या ऐरणीचा हॅमर घेतलेले मालक मी पाहिलेत. त्यांना कळत नाही, की दोन ठोक्यांत होणाऱ्या जॉबला तीन का लागतात. तिसऱ्या ठोक्यापर्यंत जॉब गार होतो, गार जॉब डाय खातो, आणि दोष मात्र डाय बनवणाऱ्याच्या माथी जातो.

या अडचणीवर जर्मन लोकांनी काढलेला तोडगा मला सगळ्यात आवडतो. ऐरणच ठेवायची नाही. वरचा रॅम खाली येतो, त्याच वेळी खालचा रॅम वर येतो, दोघांची टक्कर जॉबवर होते. दोन्हींचा वेग आणि वजन जुळवलेलं असल्यामुळे धक्के एकमेकांना मारून टाकतात, जमिनीत जवळपास काही जात नाही. याला काउंटरब्लो हॅमर म्हणतात. मोठ्या जॉबला तो उत्तम. फक्त खालची डायसुद्धा हलणारी असल्यामुळे जॉब धरून ठेवणाऱ्या माणसाची कसरत होते. लहान कामाला तो नकोच.

साध्या हॅमरमध्ये जो पाच टक्के ठोका खाली जातो तो शेजाऱ्याच्या घरी पोचतो. पूर्वी ऐरणीखाली लाकडी ओंडक्यांचे थर घालायचे. नंतर आपल्याकडे जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे एकावर एक रचून घालायची पद्धत पडली. तेलपाण्याने बेल्ट एका बाजूने दबतो, ऐरण कलंडते, मग रॅम तिरका उतरायला लागतो. आता चांगल्या ठिकाणी ऐरण स्प्रिंग आणि डँपरच्या डब्यांवर उभी करतात. ठोक्याला ऐरण काही मिलिमीटर खाली जाते आणि पुढच्या ठोक्याच्या आत शांत होते. भोसरीत मी पहिल्यांदा आलो तेव्हा एमआयडीसीच्या बाहेर शेतं होती. आता भिंतीला लागून इमारती आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या मांडणीतली भांडी वाजली की तक्रारीचं पत्र येतं. स्प्रिंगचा खर्च मालकाला तेव्हा पटतो.

आता प्रेसकडे वळतो, कारण मोटारीचे बहुतेक जॉब आज तिथेच होतात. मेकॅनिकल प्रेसमध्ये मोठं फ्लायव्हील फिरत असतं, एअर क्लच लागला की एक्सेंट्रिक शाफ्ट एक फेरा घेतो आणि रॅम खाली येऊन वर जातो. एका पोकळीत एकच दाब. हॅमरइतका आवाज नाही, आणि हॅमरवाल्याला लागतो तसा हाताचा अंदाज लागत नाही. प्रेसमुळे जी गोष्ट शक्य झाली तिची फारशी कुणी वाहवा करत नाही, ती म्हणजे इजेक्टर. डायच्या पोटातून एक पिन वर येते आणि जॉब उचलून देते. हॅमरच्या डायमध्ये अशी नाजूक पिन ठोके खाऊन टिकणं कठीण, म्हणून जॉब आपोआप सुटावा यासाठी डायच्या भिंतींना पाच-सात अंशांचा उतार ठेवतात आणि भुसा टाकतात. हो, लाकडाचा भुसा. तो पेटतो, त्याचा वायू जॉबला खालून उचलतो, आणि सगळं शॉप धुराने भरतं. प्रेसमध्ये इजेक्टर आला, भुशाच्या जागी ग्रॅफाइट आणि पाण्याचा फवारा आला, आणि उतार दोन-तीन अंशांवर आणता आला. उतार कमी म्हणजे जॉबवर फुकटचा धातू कमी, नंतर मशीनिंगमध्ये खरवडायचं कमी. लाखो जॉबांच्या हिशेबात त्या पिनेने किती पोलाद वाचवलं असेल!

गाइडबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण माझं पोट त्यावर चालतं. रॅम सरळ वरखाली जावा म्हणून त्याच्या बाजूंना सरकपट्ट्या असतात. पट्टी आणि रॅम यांच्यात फट ठेवावी लागते. किती? पोलाद एका मीटरला दर अंशामागे ०.०१२ मिलिमीटर फुगतं. एक मीटर रुंदीचा रॅम ५० अंशांनी तापला, तर तो ०.६ मिलिमीटरने रुंदावतो, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.३. सकाळी मशीन गार असताना तेवढी फट सोडली नाही, तर दुपारी रॅम गाइडमध्ये आवळतो आणि पट्ट्या सोलून निघतात. सोडली, तर सकाळच्या पहिल्या शेकडो जॉबांत वरचा अर्धा खालच्या अर्ध्यापासून सरकलेला. आम्ही त्याला मिसमॅच म्हणतो. गिऱ्हाईक माल परत पाठवतं तेव्हा चलनावर हाच शब्द असतो.

यावरची सुधारणा इतकी साधी आहे, की पहिल्यांदा नकाशा पाहिला तेव्हा मला हसू आलं. पट्ट्या रॅमच्या बाजूंना समांतर लावायच्याच नाहीत. वरून पाहिलं तर त्या चार कोपऱ्यांवर तिरक्या, रॅमच्या मध्यातून निघालेल्या रेषांवर, फुलीसारख्या लावायच्या. रॅम तापला की मध्यापासून बाहेर फुगतो, म्हणजे पट्टीच्या पृष्ठभागाला समांतर सरकतो. फट तेवढीच राहते, सकाळी आणि दुपारी. मग ती मुळातच बारीक ठेवता येते. ना मोटर, ना सेन्सर, ना कार्ड. याला एक्स-गाइड म्हणतात.

प्रेसचं एक दुखणं म्हणजे जाम होणं. बिलेट गार असेल किंवा डायमध्ये दोन जॉब गेले, तर रॅम अगदी तळाच्या बिंदूवर अडकतो. फ्लायव्हील थांबतं, फ्रेम ताणलेल्या धनुष्यासारखी होते. जुन्या प्रेसवर अशा वेळी रात्र जायची. फ्रेमला आवळून धरणारे टाय रॉड तापवायचे, ते लांबले की ताण सुटतो. नाहीतर गॅस कटरने डायचाच बळी द्यायचा. तो तुकडा सुटताना जवळ कुणी उभं राहायचं नाही, ही सूचना मी ओरडून देतो. नव्या प्रेसमध्ये टेबलाखाली पाचर असते, ती हायड्रॉलिकने मागे ओढली की सगळं सैल होतं. काही प्रेसना टाय रॉडवर हायड्रॉलिक नट असतात.

स्क्रू प्रेसला हे दुखणं नाहीच, कारण तिच्यात तळाचा ठरलेला बिंदू नसतो. फ्लायव्हीलमध्ये साठवलेली ऊर्जा संपली की स्क्रू थांबतो आणि उलटा फिरतो. पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. वेग दहा टक्के कमी केला तर ऊर्जा एकोणीस टक्के घटते. पूर्वी घर्षणाच्या चकत्यांवर फिरणाऱ्या प्रेसमध्ये वेगाचा नेम नव्हता, चामडं घासलं की सगळं बदलायचं. जास्तीची ऊर्जा उरली, तर ती जॉबमध्ये न जाता फ्रेममध्ये जाते, आणि फ्रेमचा आवाजच वेगळा येतो. अनुभवी माणूस चहा सोडून धावतो. आता स्क्रूवर सरळ इलेक्ट्रिक मोटर बसते, प्रत्येक ठोक्याचा वेग आकड्यात देता येतो, आणि थांबताना मोटर काही वीज परतही करते.

हॅमरलाही हा ताबा आला. कॉम्प्रेस्ड हवेवर किंवा वाफेवर चालणाऱ्या हॅमरमध्ये कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला किंवा बॉयलरला दिलेल्या इंधनातला फार थोडा भाग जॉबपर्यंत पोचतो. बाकी उष्णतेत आणि गळतीत जातो. जुनी फ्रेम आणि ऐरण तशीच ठेवून वर हायड्रॉलिक सिलिंडर बसवायचं, हे काम सध्या माझ्याकडे जास्त येतं. व्हॉल्व्ह किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, त्यावर ठोका ठरतो. पहिला ठोका तीस टक्क्यांचा, खपली झाडायला, दुसरा साठचा, तिसरा पूर्ण. पूर्वी हे सगळं ऑपरेटरच्या पायाखालच्या पेडलमध्ये होतं, आणि तो माणूस सुट्टीवर गेला की रिजेक्शन वाढायचं.

टनांच्या शर्यतीचं म्हणाल, तर तीही झाली. अमेरिकेत क्लीव्हलँडला विमानांच्या भागांसाठी १९५५ पासून ५०,००० टनांची हायड्रॉलिक प्रेस चालू आहे. २००८ मध्ये तिच्या ओतीव भागांना तडे सापडले, आणि मोडीत काढण्याऐवजी ती पुन्हा बांधून काढली गेली. इतक्या मोठ्या मशीनलाही शेवटी ठोक्याचा हिशेब द्यावाच लागतो. पण आपल्या पट्ट्यातल्या छोट्या शॉपला त्या शर्यतीशी देणंघेणं नाही.

त्यांचा मोह निराळा आहे. स्क्रीन. टच पॅनेलवर ठोक्याची ऊर्जा टक्क्यात दिसते, रंगीत आलेख येतो, आणि खाली रॅम गाइडमध्ये दीड मिलिमीटर डुलत असतो. गेल्या पावसाळ्यात एका तरुण मालकाला मी फिलर गेज लावून ती फट दाखवली आणि म्हणालो, आधी गाइड करू. तो म्हणाला, "काका, गाइडला घातलेले पैसे कुणाला दिसत नाहीत हो." त्याचं खोटं नव्हतं. गिऱ्हाईकाचा ऑडिटर येतो तो स्क्रीनसमोर उभा राहतो, फिलर गेज कुणी मागत नाही. तेव्हापासून मी कोटेशनमध्ये गाइड आणि स्क्रीन एकाच ओळीत लिहितो, एकच रक्कम. सुटं देत नाही.