सोळाव्या मीटरवरचा श्रोता

एकट्यानेच गायचे, एकट्यानेच गिटार वाजवायची आणि या दोहोंचा आवाज मोठा करणारे यंत्रही एस.टी.तून उतरवून एकट्यानेच गावापर्यंत वाहून न्यायचे, असा ज्याचा उद्योग आहे, त्याने ध्वनिवर्धकाची निवड करताना दुकानदाराच्या आधी स्वतःच्या खांद्याचा सल्ला घ्यावा, हे मला चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत काही हंगाम हिंडल्यावर उमगले.

एक गळा आणि एक वाद्य ही जोडी या मुलखाला नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी केवळ खंजिरीच्या ठेक्यावर म्हटलेल्या भजनांनी चिमूरचा परिसर कसा पेटला आणि १९४२च्या ऑगस्टात तेथे इंग्रजांविरुद्ध कसा उठाव झाला, हे सर्वश्रुत आहे. दुसरीकडे, वडशाहून निघणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचा बाज असा की, पडदे, दिवे आणि ध्वनिक्षेपक यांचा सारा सरंजाम गाडीत भरून त्या गावोगाव जातात आणि रात्र रात्र नाटक चालवतात. माझ्यासारख्या एकांड्या गवयाची जागा या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी येते. खंजिरीइतका सुटसुटीतपणा गिटारीला नाही, आणि नाटक मंडळीसारखी गाडी व माणसे बाळगण्याची ऐपत मला नाही.

प्रथम मी चुकलो तो वॅटच्या आकड्याला भुलून. आकडा मोठा म्हणजे आवाज मोठा, या समजुतीने घेतलेली अठरा किलोंची पेटी विजेच्या तारेशिवाय मुकी होती. आणि ज्या चंद्रपुरात २९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक केंद्र रात्रंदिवस धडधडते, त्याच टापूतल्या एखाद्या आडगावी संध्याकाळी सारे दिवे एकदम लागले की दाब इतका उतरतो की पेटी गाण्याऐवजी गुरगुरू लागते. तेव्हा यंत्र स्वतःच्या विजेवर चालणारेच हवे, हा पहिला निर्णय झाला.

अशा यंत्रांची दोन घराणी ढोबळमानाने मानता येतील. एक, रोलँडच्या क्यूब स्ट्रीटसारखे, सहा पेन्सिल सेलांवर चालणारे, पाच वॅटचे आणि वजनाने पाच किलोंच्या आसपासचे. त्याचा मोठा गुण हा की सेल संपले तर ते कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. दुसरे, बोसच्या एस-वन प्रोसारखे, आत लिथियमची बॅटरी असलेले, सुमारे सात किलोंचे आणि निर्मात्याच्या म्हणण्याप्रमाणे एका भरणीत अकरा तासांपर्यंत चालणारे. बॅटरीचा दोष असा की उष्णता तिला मानवत नाही, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद मोटारीत ठेवलेली पेटी म्हणजे तापल्या तव्यावर ठेवलेली भाकरच. म्हणून उन्हाळ्यात मी ती ओल्या गोणपाटाच्या सावलीत, पण ओल लागणार नाही अशी ठेवतो आणि गार झाल्याखेरीज भरणीला लावत नाही.

यांतून निवड कशी करावी? माझा हिशेब शेवटच्या श्रोत्यापासून सुरू होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एका मीटरवर ९० डेसिबल देणारी पेटी दोन मीटरवर ८४, चारवर ७८, आठवर ७२ आणि सोळावर ६६ देते. म्हणजे गोंड गावातल्या गोटुलापुढच्या, सामाईक घरापुढच्या, अंगणाच्या कडेला बसलेल्याला ती समोरासमोरच्या साध्या बोलण्याएवढी ऐकू येते. उलट, वॅट दुप्पट केले तर पदरात पडतात ते अवघे तीन डेसिबल. शाळेच्या वर्गात पाच वॅट पुष्कळ होतात; उघड्यावर दीडदोनशे माणसांपुढे ते अपुरे पडतात. म्हणून सात किलोंवर माझी तडजोड झाली.

तरी यंत्र घेतल्याने काम संपत नाही, सुरू होते. गिटारीच्या घोडीखाली बसवलेल्या पिझो पट्टीला उच्च अवरोधाचे, निदान दहा लाख ओहमचे प्रवेशद्वार लागते. तिची तार गावच्या मंडपवाल्याच्या माईकच्या भोकात सरळ खुपसली तर गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते, म्हणून अवरोध जुळवून देणारी एक लहानशी डीआय पेटी झोळीत कायमची असते. आणि गिटारीच्या पोकळीतली हवा शंभर हर्ट्झच्या आसपास घुमू लागली की भोंग्यातून जो हुंकार उठतो, त्यावर उपाय म्हणजे भोकावर रबरी झाकण आणि खालच्या सुरांची कळ थोडी उतरवणे. पेटी माझ्या पुढे आणि जरा बाजूला ठेवतो, म्हणजे माईकची पाठ तिच्याकडे राहते व शिट्टी वाजत नाही. ती जमिनीवर ठेवली तर पहिली रांगच सारे तीव्र सूर गिळून बसते. म्हणून उभ्या बैलगाडीच्या साट्यावर, कानाच्या उंचीला ती चढवतो.

गेल्या हिवाळ्यात धानोरा तालुक्यातल्या एका गावी ठाण्यात अर्ज देऊन परवाना घेतला होता. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक असल्याने साडेसातलाच बसलो. सुरुवातीला, माझ्या रिवाजाप्रमाणे, अंगणाच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली बसलेल्या आजीला विचारले, “आजी, ऐकू येते का?” मंडपवाल्याचा पोर तोवर माझ्या कानाशी लागला होता, “इको टाका ना, सर, इको.” आजी म्हणाली, “आयकू येते, बाबू. पन शब्द समजत नाही.”

त्या एका वाक्याने माझे पुष्कळ शिक्षण झाले. मी आवाज वाढवण्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला, इको पुरता काढला, खालचे सूर उतरवले आणि जेथे व्यंजने राहतात त्या दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्याला थोडे वर आणले. आवाज वाढला नाही, किंबहुना किंचित कमीच झाला. आजीने मान डोलावली.

तिसऱ्या गाण्यात वीज गेली. दिवे विझले, शेजारच्या घरातला दूरदर्शन संच थांबला, पिठाच्या गिरणीचा घरघराट बंद झाला आणि रातकिड्यांचा स्वर तेवढा उरला. माझी पेटी चालूच होती. पण त्या शांततेत ती आता फार मोठी वाटू लागली, म्हणून मी कळ निम्म्याने खाली आणली आणि कोणाचा चेहराही दिसत नसल्याने क्षणभर थांबलो, पोचते की नाही या शंकेत. तेव्हा मोहाच्या झाडाखालून, अंधारातून, स्पष्ट शब्द आले, “थांबला काहून, बाबू? आयकू येते ना!” सोळा मीटरवरून, कसल्याही यंत्रावाचून.